बावचीचं अर्धं औषध उन्हात असतं

ताई, तुमचा प्रश्न आधी इथे थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या 14 वर्षांच्या मुलीच्या डाव्या नडगीवर रुपयाएवढे दोन पांढरे डाग आहेत आणि मनगटाच्या आतल्या बाजूला एक लहान. त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून कोड आहे असं सांगितलं. घरी काष्ठौषधींच्या दुकानातून बावचीचं तेल आलं. दोन दिवस तेल लावून मुलीला दुपारी वीस-वीस मिनिटं गच्चीवर बसवलं. काहीच झालं नाही म्हणून तिसऱ्या दिवशी अर्धा तास. चौथ्या दिवशी सकाळी डागांवर आणि डागांभोवती पाण्याचे फोड. सासूबाई म्हणतात फोड आले म्हणजे औषध लागू पडलं. तुम्ही विचारता: त्यांचं बरोबर का? पोटातून बावचीचं चूर्ण द्यावं का? आणि सीरमच्या बाटल्यांवर हल्ली ‘बाकुचिओल’ लिहिलेलं असतं, ते हेच का?

आधी तातडीचं. तेल आजपासून बंद. फोड फोडू नका. साध्या पाण्यात बुडवलेलं स्वच्छ फडकं दिवसातून तीन-चार वेळा ठेवा. त्यावर हळद, कोरफड, टूथपेस्ट, खोबरेल काहीही नको. पाय आणि मनगट पुढचा आठवडाभर सुती कपड्यानं पूर्ण झाका, अगदी खिडकीजवळ बसतानासुद्धा. खिडकीची काच आपल्याला ऊन थोपवते असं वाटतं, पण ज्या अतिनील-ए किरणांनी हे फोड आणले ते काचेतून आरामात आत येतात. बसच्या खिडकीशी बसून भाजलेले रुग्ण मी पाहिले आहेत. फोड फार मोठे झाले, पू दिसला किंवा ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांकडे. नाहीतरी दोन दिवसांत त्यांना दाखवाच.

आता सासूबाईंचं म्हणणं. मी आयुर्वेदाचा वैद्य आहे, गेली सव्वीस वर्षं बावची वापरतो, आणि तरी सांगतो की त्या अर्ध्याच बरोबर आहेत. बावची लागू पडली हे खरं. पण जे लागू पडलं ते औषध म्हणून नाही, भाजणं म्हणून.

बावची म्हणजे संस्कृतातली बाकुची. बांधावर, पडीक रानात कमरेएवढी वाढणारी वर्षायू वनस्पती. गोलसर दातेरी पानं, त्यांवर काळे ठिपके, बारीक जांभळट फुलं. आपण जिला बी म्हणतो ती खरं तर अख्खी शेंगच असते. टरफल बियाला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की वेगळं करता येत नाही. चिरडली की उग्र वास येतो, म्हणून तिचं एक नाव पूतिफली. दुसरं सोमराजी, तिसरं अवल्गुज, चौथं सरळच कुष्ठघ्नी. शास्त्रज्ञ हिला पूर्वी सोरालिया कोरिलिफोलिया म्हणत, आता क्युलेन कोरिलिफोलियम म्हणतात. जुन्या नावाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण त्या नावावरूनच ‘सोरालेन’ हा शब्द आला. 1933 मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी याच बियांतून सोरालेन वेगळं केलं.

हे सोरालेन अंधारात जवळजवळ निरुपद्रवी असतं. त्वचेत मुरतं, पेशींतल्या डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांमध्ये जाऊन बसतं आणि स्वस्थ असतं. त्यावर अतिनील-ए किरण पडले की मग ते जागं होतं आणि शिडीच्या दोन्ही बाजूंना टाके घालून टाकतं. त्या धक्क्यातून दोन गोष्टी घडतात. रंग बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी दबतात, आणि शिल्लक असलेल्या रंगपेशी वाढायला, सरकायला लागतात. मात्रा बेताची असेल तर उपचार. मात्रा वाढली तर तोच धक्का म्हणजे भाजणं. म्हणजे बावचीची मात्रा थेंबांत मोजून भागत नाही; ती उन्हाच्या मिनिटांतही मोजावी लागते. दुकानदार तुम्हाला बाटली देतो. उरलेलं अर्धं औषध गच्चीवर असतं आणि त्याची मात्रा कुणीच सांगत नाही.

यातला सगळ्यात फसवा भाग तुमच्या घरी घडला तोच. साधं ऊन लागलं तर त्वचा त्याच संध्याकाळी लाल होते, दुसऱ्या दिवशी चढते, मग उतरते. सोरालेनचं भाजणं तसं नसतं. ते सावकाश वर येतं आणि 48 ते 72 तासांनी कळसाला पोचतं. पहिल्या दिवशी वीस मिनिटं बसवलं, संध्याकाळी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस. तिसऱ्या दिवशी ‘काहीच होत नाही’ म्हणून तीस. प्रत्यक्षात पहिल्या दिवसाचं भाजणं तोवर वाटेतच होतं, आणि त्यावर आणखी दोन दिवसांचं चढलं. म्हणूनच हा उपचार कुणी रीतसर करत असेल तर रोज करत नाही, मध्ये एक-दोन दिवस मोकळे ठेवतो. सुरुवात अगदी थोड्या वेळापासून, तीही पातळ केलेल्या औषधावर, आणि नंतर साबणानं धुऊन, झाकून. वेळ वाढवायचा तो मागच्या वेळी फिकट गुलाबी छटा आली का हे बघून. तुमच्याकडे आलेल्या तेलात सोरालेन किती होतं हे त्या दुकानदारालाही ठाऊक नसणार. बी कुठल्या शेतातली, किती जुनी, तेल घाण्यावर काढलंय की तिळाच्या तेलात सिद्ध केलंय, यानुसार दोन बाटल्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

जुन्या वैद्यांना हे माहीत नव्हतं का? किरणांचं नाव माहीत नव्हतं, बाकी पुष्कळ माहीत होतं. चरकसंहितेच्या कुष्ठचिकित्सेच्या अध्यायात श्वित्रासाठी, म्हणजे कोडासाठी, असा क्रम दिला आहे: मलपूचा, म्हणजे काळ्या उंबराचा रस गुळाबरोबर द्यावा, रुग्णाला तेल लावलेलं असावं, आणि त्यानं सोसेल तेवढं ऊन घ्यावं. पुढे लगेच सांगितलंय की डागांवर जे फोड येतील ते काट्यानं फोडावेत. मी पदव्युत्तर शिक्षण घेत असताना हे वाचून थबकलो होतो. उंबर आणि अंजीर एकाच कुळातले, आणि अंजिराच्या पानात-चिकात सोरालेन असतं. म्हणजे वनस्पती, ऊन आणि फोड ही साखळी तेव्हाच्या वैद्यांनी डोळ्यांनी टिपलेली होती. फोड येणं हा त्यांनी उपचाराचा भागच मानला. सासूबाईंचं वाक्य कुठून आलं ते आता कळलं असेल. आज मात्र आपल्याला एक जास्तीची गोष्ट माहीत आहे. कोड असलेल्या माणसाच्या त्वचेला जिथे इजा होते, खरचटतं, घासतं किंवा भाजतं, तिथे नवा डाग उमटू शकतो. त्याला कोबनर परिणाम म्हणतात. त्यामुळे फोडांतून रंगही येऊ शकतो आणि रुपयाएवढा डाग बशीएवढाही होऊ शकतो. तुमच्या मुलीचे फोड डागाच्या बाहेर, चांगल्या त्वचेवरही आलेत, हे मला जास्त खटकतं. पुढचे दोन-तीन महिने ती कड नीट बघत राहा.

त्याच अध्यायातला एक श्लोक मात्र मी कुठल्याही रुग्णासमोर म्हणत नाही. त्यात खोटं बोलणं, कृतघ्नपणा, गुरूंचा अपमान आणि पूर्वजन्मीचं पाप ही किलासाची, म्हणजे कोडाचीच, कारणं म्हणून सांगितली आहेत. कोड हा स्वयंप्रतिकार आजार आहे: शरीराचे स्वतःचेच सैनिक रंगपेशींना शत्रू समजतात. जगात साधारण दर शंभरात अर्धा ते दोन लोकांना तो असतो. तो स्पर्शानं लागत नाही, आणि दुधावर मासे खाल्ल्यानं होतो याला पुरावा नाही. चौदा वर्षांच्या मुलीला कुणी विरुद्ध आहाराच्या नावाखाली दूध, दही, लिंबू, चिंच, मासे असं एकेक तोडायला लागलं तर कृपया थांबवा. वाढीचं वय आहे. थायरॉइडची तपासणी मात्र करून घ्या, कोडाबरोबर थायरॉइडचा त्रास तुलनेनं जास्त आढळतो.

आता तुम्ही विचारलं नाही, पण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे असं मला वाटतं. भिंग घ्या, दिवसाच्या उजेडात बसा आणि डागांतले केस बघा. नडगीवरच्या डागात लव काळी आहे की पांढरी?

वाग्भटानं अष्टांगहृदयाच्या निदानस्थानात कोणतं श्वित्र बरं होतं ते एका ओळीत सांगितलंय. ज्यातले केस पांढरे झालेले नाहीत, जे फार नाहीत, एकमेकांत मिसळलेले नाहीत, नवे आहेत, आणि जळल्यामुळे झालेले नाहीत, ते साध्य. बाकीचं सोडून द्यावं. पुढे ‘गुह्यपाणितलौष्ठेषु’, म्हणजे गुह्यांग, तळहात आणि ओठ इथलं नवं असलं तरी सोडावं. मी हे पाठ केलं तेव्हा नुसतं पाठ केलं होतं. अर्थ कळला तो नंतर, एका त्वचारोगतज्ज्ञ मित्रानं सूक्ष्मदर्शकाखाली केसाचं मूळ दाखवलं तेव्हा. कोडात त्वचेच्या वरच्या थरातल्या रंगपेशी मरतात, पण केसाच्या मुळाशी त्यांचं एक गोदाम असतं आणि ते पुष्कळदा वाचलेलं असतं. बावची असो, दवाखान्यातले किरण असोत, रंग परत येतो तो बहुधा या गोदामातूनच. म्हणून बरा होणारा डाग आधी ठिपक्याठिपक्यांनी भरतो, प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक केस. केसच पांढरा झाला म्हणजे गोदाम रिकामं. तळहातावर आणि ओठांवर केस नसतातच, मग रंग येणार कुठून? वाग्भटानं ही यादी कित्येक शतकांपूर्वी केवळ रुग्ण बघून केली, आणि आजही कुठलाही त्वचारोगतज्ज्ञ जवळपास हीच यादी तुम्हाला सांगेल.

तुमच्या मुलीच्या बाबतीत याचा अर्थ असा: नडगीवरचे डाग नवे आहेत, लव काळी असेल तर चांगली आशा आहे. मनगटाच्या आतल्या बाजूचा डाग जास्त हट्टी निघेल. तिथे केस विरळ असतात. त्या डागासाठी कुणी ‘21 दिवसांत गॅरंटी’ म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा.

पोटातून चूर्ण? नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला मी ते देत नाही, आणि मोठ्यांनाही क्वचित. परंपरेत बावची पोटातून दिली जाते हे खरंच आहे. आवळा आणि खैराच्या काढ्याबरोबर ती देण्याचा योग प्रसिद्ध आहे. पण त्यात शोधन आहे, म्हणजे बी गोमूत्रात किंवा आल्याच्या रसात सात दिवस रोज बदलून भिजवायची, मग वाळवायची. त्यात रुग्णाची निवड आहे, मात्रा आहे. बाजारातल्या पुडीत यातलं काय झालंय ते तुम्हाला कळायला मार्ग नाही. आणि यकृताचा प्रश्न खरा आहे. बावचीच्या बिया पोटात घेतल्यानंतर कावीळ, यकृताला सूज आल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवली गेली आहेत. 2009 मध्ये जर्मनीतून अशी नोंद आली. तिथली एक बाई कोडासाठी भारतीय आयुर्वेदिक औषधं घेत होती, त्यांत बावची होती. कोरियातही नोंद आहे. तिथे आणि चीनमध्ये ही बी हाडांच्या दुखण्यासाठी घेतात. आपल्या माणसांना ‘आयुर्वेदिक म्हणजे साइड इफेक्ट नाही’ असं वाटतं. आयुर्वेदात असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट शोधनाचा एवढा खटाटोप कशासाठी सांगितला असेल?

शिवाय पोटातून घेतलेलं सोरालेन अख्ख्या शरीरात फिरतं, डोळ्यांतल्या भिंगातही. त्यामुळे सोरालेनची गोळी घेतलेल्या दिवशी काळा चष्मा लावून फिरावं लागतं, नाहीतर मोतीबिंदूचा धोका. मुलीला मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी चालू असेल तर तीही उन्हाला त्वचा हळवी करते. ते डॉक्टरांना न विसरता सांगा.

लेपांबद्दल एकच. अवल्गुजादि लेप म्हणून जो योग आहे त्यात चार भाग बावचीला एक भाग हरताळ असतो. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग. घरी कुणी ‘जुन्या पोथीतून’ करून दिला तर हात जोडून नाही म्हणा.

दवाखान्यात मिळणारी सोरालेनची गोळी बावचीपासून केलेली असते असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही, पण तिचा इतिहास आपल्या बावचीसारखाच आहे, म्हणून थोडं विषयांतर. नाईलकाठी एक वनस्पती उगवते, शास्त्रीय नाव अम्मी मेजस. अरबी वैद्यकात तिचं नाव आत्रिलाल, आणि तेराव्या शतकातला वनस्पतिज्ञ इब्न अल-बैतार ती देऊन कोडाच्या रुग्णाला उन्हात बसवायचं सांगतो. म्हणजे आपल्या वैद्यांनी जे पाहिलं तेच दुसऱ्या टोकाला दुसऱ्या झाडावर कुणी पाहिलं होतं. 1947 मध्ये इजिप्तमध्ये फहमी यांनी त्यातून मेथॉक्सॅलेन वेगळं केलं, 1948 मध्ये कैरोच्या एल मोफ्ती यांनी ते कोडावर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. 1974 मध्ये अमेरिकेत पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅनेनबॉम आणि आपले मधु पाठक यांनी सोरालेनला दिव्यातल्या अतिनील-ए किरणांची जोड देऊन सोरायसिसवर उपचार मांडला. तोच पुवा (PUVA), म्हणजे सोरालेन अधिक अतिनील-ए. उन्हाच्या जागी दिवा आला आणि पहिल्यांदाच ते ‘उरलेलं अर्धं औषध’ मोजता आलं. पुढे असंही दिसलं की वर्षानुवर्षं पुवा घेतलेल्या गोऱ्या सोरायसिस रुग्णांत त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण वाढतं. आज म्हणून बहुतेक ठिकाणी कोडासाठी नॅरोबँड अतिनील-बी, 311 नॅनोमीटरचे किरण, पहिली पसंती झाले आहेत. त्यात सोरालेन लागतच नाही, लहान मुलांनाही देता येतात, भाजणं लवकर कळतं. मी स्वतः गेली दहा-बारा वर्षं पसरत चाललेला डाग दिसला की आधी तिकडे पाठवतो. काही सहकाऱ्यांना ते कमीपणाचं वाटतं. मला वाटत नाही.

तुमच्या डॉक्टरांनी टॅक्रोलिमसचं, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना शांत करणारं मलम आणि हे किरण सुचवले आहेत असं तुम्ही लिहिलंय. तेच करा. आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्महिने जावं लागतं, कंटाळा येतो, मध्येच सोडणारेच जास्त. पहिले तीन महिने काही दिसलं नाही तरी सोडू नका. अमेरिकेत 2022 मध्ये बारा वर्षांपुढच्या रुग्णांसाठी रुक्सोलिटिनिब या औषधाच्या मलमाला कोडावर वापरायची परवानगी मिळाली. ते तुमच्या मुलीला लागू आहे का, हे त्यांनाच विचारा. डाग वर्षभर स्थिर राहिले आणि तरी भरले नाहीत तर रंगपेशींचं रोपण करता येतं.

मग बावची कुणाला? माझ्याकडे ती आजही आहे. एखादाच, लहान, स्थिर, काळ्या केसांचा डाग, जाणतं माणूस, जवळपास किरणांची सोय नाही, आणि आठवड्याला मला दाखवायला येण्याची तयारी. अशा रुग्णाला मी स्वतः पातळ केलेलं तेल देतो, पहिलं ऊन माझ्या दवाखान्याच्या अंगणात, घड्याळ हातात धरून. चेहऱ्यावर, पापण्यांजवळ, ओठांवर कधीच नाही.

राहिलं बाकुचिओल. ते बावचीतूनच निघतं, पण सोरालेन नव्हे. त्याची रचनाच वेगळी, आणि ऊन पडलं म्हणून ते डीएनएला टाके घालत नाही. 1966 मध्ये ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं आपल्या पुण्यातच, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, सुख देव आणि सहकाऱ्यांकडून. जवळजवळ पन्नास वर्षं त्याकडे कुणी फारसं बघितलं नाही, आणि आता सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्यांवर परदेशी रुबाबात परत आलंय. 2019 मध्ये 44 जणांवर बारा आठवड्यांचा अभ्यास झाला: अर्धा टक्का बाकुचिओल सुरकुत्यांवर आणि काळ्या डागांवर रेटिनॉलइतकंच (अ जीवनसत्त्वाचं एक रूप) उपयोगी ठरलं, रेटिनॉलनं मात्र जास्त झोंबलं आणि साल सुटलं. काळ्या डागांवर, ताई. कोडासाठी त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. आणि उलटी चूक तर करूच नका: सीरम महाग म्हणून बावचीचं तेल चेहऱ्याला. मागच्या उन्हाळ्यात एक कॉलेजची मुलगी माझ्याकडे आली ती दोन्ही गालांवर फोड घेऊन, व्हिडिओ बघून तिनं हेच केलं होतं. फोड पंधरा दिवसांत गेले, काळे चट्टे जायला आठ महिने लागले.

पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे जाताना ती तेलाची बाटली लेबलासकट न्या. फोड आले त्या सकाळचा फोटो असेल तर तोही दाखवा, आणि तीन दिवस किती वाजता, किती वेळ उन्हात बसवलं ते एका कागदावर लिहून ठेवा. लाज वाटून सांगायचं राहून जातं, आणि मग किरणांची पहिली मात्रा चुकीची ठरते.